तुषारलस

विश्रामवाहन दुपारी चार वाजता येणार होतं. आत्ता सव्वानऊ झाले होते.

'विश्रामवाहन' हे नाव ज्या कुणा सरकारी डोक्यातून निघालं असेल त्याला कोपरापासून नमस्कार. ती चाकांवरची एक लांबट, बंद खोली होती. एका वेळी साठ जनावरं आत घ्यायची, दार लावायचं आणि आत नायट्रोजन सोडायचा. सहा मिनिटांत सगळी गप्प. वाघदरा पशुरोग संशोधन केंद्राच्या आवारात दोनशे अकरा मेंढरं कोंडून ठेवली होती. त्यांच्यासाठी चार खेपा पुरणार होत्या.

डॉ. रेवती हुलवळे प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी उभी होती. मेंढरांकडे बघण्यापेक्षा ती त्यांचा खोकला ऐकत होती. परवा सकाळी कळप इथे आणला तेव्हा वीस-बावीस जनावरं खोकत होती. आज निम्मा कळप खोकत होता. तिच्या स्वतःच्या घशातही कालपासून काहीतरी खवखवत होतं. जंतुनाशकाच्या वासाने असेल म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. काल सकाळी घरून निघताना नवऱ्याने भरून दिलेला डबा टेबलावर तसाच पडला होता. काळ्या कॉफीचे पाच-सहा रिकामे कप मात्र त्याच्या शेजारी गोळा झाले होते.

या कळपाचं काय होतं यावर तिची सात वर्षं टांगलेली होती.

संसर्गजन्य फुफ्फुसदाह हा शेळ्या-मेंढ्यांचा जुना वैरी. एकदा शिरला की वाडेच्या वाडे रिकामे करून जायचा. तो घडवणारा मायकोप्लाझ्मा म्हणजे जीवाणूंच्या जगातला सगळ्यात फाटका जीव. इतर जीवाणूंच्या अंगाभोवती निदान एक भिंत असते, याला तीही नाही. त्यामुळे ती भिंत फोडणारी पेनिसिलिनसारखी औषधं याच्यापुढे हात टेकतात. रेवतीने पाच वर्षं खपून याच जीवाणूची एक निर्विष जात घडवली. तिचं धुकं करायचं आणि ड्रोनमधून वाड्यांवर सोडायचं. जनावरांनी ते नुसतं श्वासावाटे आत घ्यायचं. सुई नको, जनावर धरायला चार माणसं नकोत. जनावराला ताप आला की लोक टेट्रासायक्लिन टोचतात. त्याने लस मरून जाऊ नये म्हणून त्या औषधांना दाद न देण्याची ताकदही तिने जीवाणूला दिली होती. ही तिची तुषारलस. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एक हजार चाळीस वस्त्यांवर ती फवारली गेली आणि रोग नावालाही उरला नाही. रेवतीचा सत्कार झाला, शाल मिळाली, तिचा फोटो केंद्राच्या दारात लागला.

आणि आता ठकुबाई कोळेकर या धनगर बाईंचा लस दिलेला कळप वाटेवर मरायला लागला होता. सदतीस जनावरं गेली होती. विभागीय आयुक्तांचा आदेश साधा होता. रोगाची नवी, रानटी जात आली असावी, ती पसरण्याआधी कळप संपवा.

दार ढकलून डॉ. फिरोज मुजावर आत आले. हे केंद्राचे पशुवैद्य. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, आणि तीस वर्षं मेलेली जनावरं फाडून बघण्यात गेलेली. त्यांच्या हातात जनुकवाचक यंत्रातून निघालेला कागद होता. ते तो पुढे करेनात.

"रानटी जात नाही," ते म्हणाले.

"मग कुठली?"

"आपली आहे, रेवती. तुझी लस."

रेवती खुर्चीत बसली. "बदललीय का? कुठे एखादं जनुक फिरलं असेल."

"मलाही तेच वाटलं म्हणून दोनदा वाचून घेतलं. अक्षरन् अक्षर तू लिहिलंस तेच आहे. दोन वर्षांपूर्वी ज्या जीवाणूने एका मेंढीला शिंकसुद्धा आणली नाही, तोच आता फुफ्फुसं जाळतोय."

"आयुक्तांना सांगितलं तर हा कळप मारतील, आणि मग बाकीचे," रेवती म्हणाली. "जिल्ह्यात बारा लाख जनावरांच्या फुफ्फुसांत ही लस बसलीय, सर."

"माहितीय. म्हणून अजून सांगितलं नाही." मुजावर समोर बसले. "आता मला एक सांग. जनुकांचं मला फारसं कळत नाही. तू याचं विष काढलंस म्हणतेस, म्हणजे नेमकं काय काढलंस?"

"सापासारखी विषाची पिशवी याच्याकडे नसतेच. याचं विष म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. जखमेवर ओतलं की फेस येतो ते. हा जीवाणू ग्लिसरॉल खातो, आणि खाताना जो कचरा निघतो तो हा. पेशीला चिकटून बसायचं, जेवायचं आणि खरकटं तिच्याच अंगावर टाकायचं. पेशी भाजून निघते. ग्लिसरॉल आत ओढायला त्याच्याकडे एक पंप असतो. मी तो पंप काढून टाकला. जेवण बंद, म्हणून खरकटं बंद."

"दुसरं काहीतरी खाऊन तो जगतो."

"साखरेवर जगतो. त्यातून विष होत नाही."

मुजावरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "माझ्या गावच्या विहिरीवर पंप होता. तो जळाला. पण पावसाळ्यात पाणी एवढं वर यायचं की पंप नसतानाही पाटात उतरायचं."

"एक बारीक छिद्र राहिलंय," रेवती सावकाश म्हणाली. "ते बुजवलं तर जीवाणू जगत नाही. पण त्यातून आत यायला बाहेर ग्लिसरॉल भरपूर लागतं, सर. रक्तात असतं ते किती, नखाएवढं. पाचशे मेंढ्यांवर तपासलं आपण, वर्षभर. एकीलाही काही झालं नाही."

"आपल्या मेंढ्यांवर."

"हो. इथल्याच."

पावणेदहा झाले होते. रेवतीने श्वासपट्ट्यांचा खोका उचलला आणि ती बाहेर पडली.

श्वासपट्टी हे तिचंच एक किरकोळ अपत्य. बोटभर लांबीचा पांढरा कागद. श्वासात पेरॉक्साइड असेल तर तो निळा होतो, जितकं जास्त तितका गडद. मास्क आणि हातमोजे चढवून रेवती वाड्यात शिरली आणि एकेका मेंढीचं तोंड धरून नाकासमोर पट्टी धरत गेली. निळी. निळी. फिकट निळी. गडद निळी. न खोकणाऱ्या मेंढ्यांच्या पट्ट्याही निळसर होत होत्या. साडेअकराला ती कुंपणाच्या कोपऱ्यात पोचली तेव्हा तिथे एक दांडगा एडका पाय दुमडून निवांत रवंथ करत बसला होता. वळलेली शिंगं, कपाळावर हळदीचा डाग. तिने त्याच्या नाकाशी पट्टी धरली.

पट्टी पांढरी राहिली.

तिने दुसरी धरली. तीही पांढरी. तिने त्याच्या घशातला आणि रक्ताचा नमुना घेऊन आत पाठवला. पंधरा मिनिटांत मुजावरांचा आवाज कानातल्या यंत्रात आला. "याच्याही घशात जीवाणू आहेत. मेलेल्या मेंढ्यांत होते तेवढेच. कदाचित थोडे जास्तच."

"आणि हा मजेत बसलाय," रेवती म्हणाली.

तारेच्या पलीकडे, घोंगडीची घडी अंथरून ठकुबाई बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, अंगाने काटक. बिऱ्हाड आणि घोडी घेऊन त्यांचा मुलगा गावाकडे गेला होता. त्या कळपाला सोडून हलल्या नव्हत्या.

"त्येला काय झालं न्हाई," त्या एडक्याकडे बोट करून म्हणाल्या. "मामलेदार हाय त्यो."

"मामलेदार?"

"बसून खातोय म्हनून तसं नाव ठिवलंय. बिरोबाच्या नावानं सोडल्याला एडका हाय."

रेवती तारेजवळ बसली. "मावशी, मला नीट सांगा. वाटेत पहिल्यांदा कोणत्या मेंढ्या गेल्या?"

ठकुबाईंना आठवायला वेळ लागला नाही. "गाभण हुत्या त्या. त्यातबी ज्यांच्या पोटात जुळी त्या पयल्या गेल्या. मंग कोकरं पाजनाऱ्या. मंग म्होरं चालनाऱ्या. अकरा दिस चालत आलोय, बाई. औंदा वाटंला चारा कुठाय? जिकडं बगावं तिकडं तारा मारल्यात. पाला गावंल तो वरबाडायचा आन् म्होरं सरकायचं."

"आणि मामलेदार?"

"त्येला रोज सकाळी मका देतोय आमी हातानं. देवाचा एडका उपाशी ठिवायचा नसतोय. आमच्या पोटाला न्हाई मिळालं तरी त्येला देयाचं."

"रस्त्यात दिला. पण इथे तर बाहेरचा चारा बंद आहे."

ठकुबाईंनी मान खाली घातली. मग वर करून सरळ रेवतीकडे बघितलं. "तारंतनं भाकरी टाकलीया त्येला. दोन टायमाला. तुमचा मानूस नगं म्हनत हुता, तरीबी टाकली. काय शिक्षा आसंल ती मला करा."

रेवती उठली आणि जवळजवळ पळतच प्रयोगशाळेत आली. भिंतीवर विलगीकरणाचे नियम चिकटवलेले होते. कलम नऊ: संशयित कळपास बाहेरून चारा देऊ नये, चाऱ्यातून संसर्गाचा धोका असतो, केवळ पाणी द्यावे. खाली सही होती. सही तिचीच होती.

"मामलेदार जेवलेला आहे," ती मुजावरांना म्हणाली. "बाकीची सगळी दोन दिवस नुसत्या पाण्यावर आहेत, आणि त्याआधी अकरा दिवस अर्धपोटी. सर, उपाशी जनावर काय करतं?"

"काय करणार? अंगावरची चरबी वितळवतं. जुळी पोटात असतील तर सगळ्यात आधी. हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकलो..." मुजावर बोलता बोलता थांबले. "चरबी म्हणजे मेदाम्ल आणि ग्लिसरॉल."

"मेदाम्ल शरीर जाळतं. ग्लिसरॉल रक्तात सुटतं. पोट भरलेलं असताना नखाएवढं, उपाशी असताना त्याच्या पाच-सहा पट. विहिरीचं पाणी वर आलं, सर. पंपाची गरजच उरली नाही. माझी लस बिघडलेली नाही. ती फक्त भरल्या पोटीच निर्विष आहे."

"आणि आपल्या पाचशे मेंढ्यांना रोज दोन वेळा घास आणि वर पेंड होती."

"आपण तपासणीसाठी त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही," रेवती म्हणाली. "ते क्रूरपणाचं झालं असतं."

बोलत बसायला वेळ नव्हता. त्यांनी सगळ्यात जास्त खोकणाऱ्या दहा मेंढ्या निवडल्या. पाचांच्या शिरेतून ग्लुकोज सोडलं, पाचांना नुसतं मिठाचं पाणी. साडेबाराला सुरुवात केली. एक वाजता मुजावर आपला डबा घेऊन पायरीवर बसले. भूकंप झाला असता तरी ते एक वाजता जेवलेच असते, अशी केंद्रात त्यांची ख्याती होती. आज त्यांनी कोशिंबिरीसकट सगळा डबा चाटूनपुसून संपवला आणि रेवतीला म्हणाले, "तूही दोन घास खाऊन घे."

"नंतर," ती म्हणाली. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

सव्वा वाजता पट्ट्या धरल्या. मिठाच्या पाण्याच्या पाचही निळ्या. ग्लुकोजच्या पाचांपैकी तीन फिकट, दोन जवळजवळ पांढऱ्या.

मग मात्र केंद्रात एकच धावपळ उडाली. केंद्राच्या स्वतःच्या मेंढ्यांचा सगळा कडबा आणि हिरवा घास वाड्यात ओतला गेला. गुळाचं पाणी बादल्या भरभरून ठेवलं. "एकदम पेंड टाकू नका, पोटं फुगतील," मुजावर ओरडून सांगत होते. ठकुबाई तारेला धरून उभ्या होत्या. दोन दिवस उपाशी असलेली मेंढरं वैरणीवर तुटून पडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मामलेदार मात्र जागचा हलला नाही. आपल्या पुढ्यात आलं तेवढंच त्याने खाल्लं.

पावणेतीनला रेवतीने फिकट होत गेलेल्या पन्नास पट्ट्यांचा फोटो आयुक्तांना पाठवला आणि फोन केला. आयुक्तांनी शांतपणे ऐकून घेतलं. घाई करणारा, पण ऐकून घेणारा माणूस होता.

"म्हणजे कळप मारायची गरज नाही?"

"नाही. खाऊ घालायची गरज आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या फिरत्या कळपांना लगेच चारा पोचवला पाहिजे. जनावर उपाशी चाललं की धोका. एरवी काही नाही."

"ठीक आहे. विश्रामवाहन अर्ध्या वाटेवर आहे, परत बोलावतो. चारा छावण्या उघडता येतील, त्यासाठी निधी असतो. तुम्ही लेखी पाठवा. पाच वाजेपर्यंत पाहिजे."

फोन ठेवल्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रेवतीला आपण थकलो आहोत हे जाणवलं. डोकं हलकं झालं होतं आणि घशातली खवखव आता छातीत उतरली होती. ती एकदा खोकली. तरीही तिला हसू येत होतं. ही बातमी आधी ठकुबाईंना द्यायची आणि मग कागद लिहायला बसायचं, असं ठरवून ती मुजावरांना घेऊन बाहेर आली.

"मावशी, गाडी परत गेली. तुमच्या मेंढरांना आता कुणी हात लावणार नाही."

ठकुबाईंनी दोन्ही हात जोडून आधी मामलेदाराला नमस्कार केला आणि मग रेवतीला. तो क्रम मुजावरांच्या लक्षात आला आणि ते गालात हसले. मग ठकुबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. कोरडा, खोल खोकला. पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ खोकत राहिल्या.

मुजावरांचं हसू मावळलं. तीस वर्षं ते हाच खोकला ऐकत आले होते. फक्त तो माणसाच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"मावशी," रेवतीने विचारलं, "तुम्ही जेवलात कधी?"

"परवाच्या सकाळी."

"पण तुमच्याजवळ भाकरी होती. मामलेदाराला टाकलीत ती?"

"ती माजीच हुती." ठकुबाईंनी हे अगदी सहज सांगितलं. "मेंढरं कोंडल्याली आन् उपाशी, आन् आपुन खायाचं? तसं न्हाई चालत आमच्यात. मेंढरांच्या तोंडात घास पडस्तवर आमी पान्याबिगर काय घेत न्हाई. माज्या सासूनं पाळलं, मी पाळतीया."

रेवतीने मुजावरांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "माणसाला हा रोग होत नाही, रेवती."

"मूळ जातीचा होत नाही. तिला माणसाच्या फुफ्फुसात चिकटता येत नाही. पण आपल्याला शेळी, मेंढी, गाय, म्हैस सगळ्यांना एकच लस हवी होती. म्हणून मी तिला सगळ्या सस्तन प्राण्यांना चिकटणारं प्रथिन दिलं. माणसालाही ती चिकटते हे आपल्याला माहीत होतं, सर. चोवीस स्वयंसेवकांवर तपासलं होतं. घशात सापडली, त्रास कुणालाच झाला नाही. म्हणून तर मंजुरी मिळाली."

"ते चोवीस जण इथे महिनाभर राहिले होते," मुजावर म्हणाले. "आपल्या खानावळीत. तीन वेळा जेवत होते."

रेवतीने खिशातून श्वासपट्ट्या काढल्या. ठकुबाई त्या कागदाकडे संशयाने बघत मागे सरकल्या. "ह्ये काय? मेंढरांस्नी लावत हुता त्येच न्हवं?"

"तेच. नुसतं यावर फुंकायचं, मावशी. काही होत नाही. हे बघा, आधी मी फुंकून दाखवते. माणूस चांगला असला की ही पांढरीच राहते."

तिने पट्टी ओठांसमोर धरली आणि फुंकलं, आणि दाखवायला म्हणून ती ठकुबाईंच्या पुढे केली.

पट्टी निळी होत होती. कडेने सुरू होऊन मध्यापर्यंत, सावकाश, एकसारखी.

मुजावरांनी तिच्या हातातून दुसरी पट्टी ओढून घेतली आणि स्वतः फुंकली. त्यांनीही या प्रयोगशाळेत सात वर्षं तेच धुकं श्वासातून घेतलं होतं. त्यांची पट्टी पांढरी राहिली. तिसरी त्यांनी ठकुबाईंच्या तोंडासमोर धरली, आणि ती मघाच्या सगळ्यात आजारी मेंढीइतकी गडद झाली.

ठकुबाईंनी तिन्ही पट्ट्या आपल्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवून घेतल्या. त्यांना ना पेरॉक्साइड माहीत होतं, ना ग्लिसरॉल. पण सकाळपासून या तारेच्या बाहेर बसून त्यांनी सगळं बघितलं होतं.

"ह्ये दुपारी पायरीवर बसून जेवल्यात," त्या मुजावरांकडे बोट करून म्हणाल्या. "आपुन दोगी न्हाई. तू कवा जेवलीस, पोरी?"

रेवती आठवायला लागली. परवाचं रात्रीचं जेवण. त्यानंतर कॉफी. बिनसाखरेची, बिनदुधाची. चाळीस तास होऊन गेले होते. छातीत जे टोचत होतं ते जंतुनाशक नव्हतं. ते तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. तिला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी.

मुजावर आत जाऊन ग्लुकोजच्या बाटल्या आणि तिचा डबा घेऊन आले. कालची पोळी वाळली होती आणि दोडक्याची भाजी आंबायला लागली होती. भाजी त्यांनी फेकून दिली, पोळीवर गूळ ठेवला. ठकुबाईंनी आधी तारेतून आत बघितलं. सगळी मेंढरं खात होती. मग त्यांनी पोळीचे दोन तुकडे केले, मोठा रेवतीच्या हातात दिला आणि लहान स्वतः घेतला.

"खा," त्या म्हणाल्या. "नेम सुटला."

दोघी मातीत बसून, ग्लुकोजच्या पाण्यात बुडवून बुडवून ती वाळकी पोळी खात होत्या तेव्हा मुजावर उभ्या उभ्याच बोलले, जणू स्वतःशीच. "ड्रोन वाड्यांवर फवारत होते. वाडे घरांना लागून. गेल्या उन्हाळ्यात माळावरच्या वस्त्यांत सत्तावीस माणसं गेली होती. माझी बहीण तिथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. मृत्यूच्या दाखल्यावर तिने लिहिलं होतं, अशक्तपणा आणि न्यूमोनिया. मला म्हणाली होती, दादा, सगळी एकजात गरीब माणसं आहेत, बाकी कुणालाच कशी होत नाही ही साथ?"

रेवतीने हातातला घास पाण्याबरोबर घशाखाली ढकलला.

पाचला दहा कमी असताना फोन वाजला. आयुक्त कागदाची वाट बघत होते. रेवतीने कागद लिहिलेला नव्हता. तिने सगळं तोंडीच सांगितलं, स्वतःच्या पट्टीसकट.

"किती माणसं?" आयुक्तांनी विचारलं.

"फवारलेल्या वस्त्या एक हजार चाळीस. चौदा लाख माणसं."

"औषध?"

"नेहमीचं लागू पडणार नाही, तशीच मी ती घडवलीय. लागू पडणारं एक आहे. जिल्ह्यातला साठा चारशे लोकांना पुरेल. जास्त बनवायला सात-आठ महिने लागतील."

"म्हणजे उपासतापास बंद करायला सांगू? महाशिवरात्र तोंडावर आली आहे."

"साबुदाणा आणि रताळी खाऊन केलेल्या उपासाने कुणाला काही होणार नाही, साहेब. खरोखर उपाशी राहतो त्यालाच धोका आहे."

"मग लोकांना नक्की काय सांगायचं? उद्या सकाळी मला प्रत्येक वस्तीवर एक ओळ पोचवायची आहे. तेवढी एक ओळ सांगा, लिहून घेतो."

रेवतीने समोर बघितलं. ठकुबाई मामलेदाराच्या पाठीवरून तारेतून हात फिरवत होत्या. त्यांचा खोकला अजून थांबला नव्हता, पण दोन खोकल्यांमधलं अंतर वाढलं होतं.

"लिहा," ती म्हणाली. "आजपासून या जिल्ह्यात एकही माणूस उपाशी राहता कामा नये."

पलीकडे लिहिण्याचा आवाज सुरू झाला आणि मध्येच थांबला. तो पुन्हा सुरू होईल म्हणून रेवती वाट बघत राहिली.

"डॉक्टर," शेवटी आयुक्त म्हणाले, "काहीतरी होण्यासारखं सांगा."